औलीत स्की शिकायला जाताय? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी, रजेच्या अर्जापासून बुटाच्या बकलापर्यंत

उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, जोशीमठच्या डोक्यावर औलीचा उतार आहे. जानेवारी २०११ मध्ये पहिल्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा झाल्या, तेव्हा आइस रिंकवरचे खेळ डेहराडूनला आणि स्कीचे खेळ इथे झाले. त्यासाठी उतार घडवला, कृत्रिम बर्फाच्या पाण्यासाठी वर तळं बांधलं, स्नो गन आणल्या. स्पर्धा सहा-सात दिवसांत संपल्या. उतार, चेअरलिफ्ट आणि तळं आजही आहे. हिवाळ्यात तिथे नवशिके स्की शिकतात आणि बर्फ गेल्यावर त्याच जागेवरून ट्रेकर गोरसोंच्या कुरणाकडे चढतात.

महाराष्ट्रातून जाणारे बरेच जण दोन रात्री राहतात, भाड्याचे गमबूट घालतात, कुणीतरी शंभर फूट ओढत नेल्याचा फोटो काढतात आणि परततात. बर्फ बघायचा एवढाच बेत असेल तर त्यात काही चूक नाही. पण स्की शिकायचं असेल तर सुट्टी, पैसे, सामान आणि शरीर यांची तयारी वेगळी लागते. हा लेख शिकायला जाणाऱ्यांसाठी आहे. बर्फ नसताना जाणाऱ्यांसाठी शेवटी एक भाग आहे.

१. आधी तारीख, मग तिकीट

औलीत बर्फ साधारण डिसेंबरच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत असतो. शिकण्यासाठी सगळ्यात भरवशाचा काळ म्हणजे मकरसंक्रांतीनंतरचे सहा आठवडे. नाताळच्या सुट्टीत जाण्याचा मोह टाळा. तेव्हा गर्दी शिगेला असते, दर चढलेले असतात आणि उतारावर बर्फाचा थर बसलेला असेलच असं नाही.

भरवशाच्या काळातही बर्फ दगा देतो. २०२५ च्या राष्ट्रीय हिवाळी स्पर्धा औलीत ठरल्या होत्या, पण पुरेसा बर्फ नसल्यामुळे त्या पुढे ढकलाव्या लागल्या. स्नो गन आहेत ना, असं कुणी म्हणेल. स्नो गनला पाण्याइतकीच थंडीही लागते. हवा पुरेशी थंड आणि कोरडी असेल तरच फवाऱ्याचे थेंब जमिनीवर पडण्याआधी गोठतात. ऊबदार हिवाळ्यात तळं भरलेलं असलं तरी बंदुका गप्प राहतात. म्हणून ही तीन कामं करा:

- रजा सलग मागा आणि शेवटी दोन दिवस मोकळे ठेवा.
- निघायच्या आठ-दहा दिवस आधी तिथल्या लॉजवाल्याला फोन करून नेमकं विचारा, "खालच्या नर्सरी स्लोपवर (नवशिक्यांच्या सौम्य उतारावर) किती बर्फ आहे?" नुसतं "बर्फ आहे का?" विचारलं तर उत्तर "हो" असंच येतं, कारण वर कुठेतरी असतोच.
- रेल्वेचं किंवा विमानाचं तिकीट पैसे परत मिळतील अशा प्रकारचं काढा. कोर्सची तारीख बदलून मिळते का, हे पैसे भरण्याआधी विचारा.

२. कोर्स निवडा

गढवाल मंडल विकास निगम हे सरकारी महामंडळ औलीत स्की कोर्स घेतं. आपल्याकडच्या एमटीडीसीसारखंच, पण गढवालसाठी. कोर्स प्रामुख्याने दोन प्रकारचे असतात, ७ दिवसांचा आणि १४ दिवसांचा. तुकड्यांच्या तारखा आधी जाहीर होतात आणि जागा मोजक्या असतात, त्यामुळे दिवाळी संपली की चौकशीला लागा.

सात दिवसांत काय पदरात पडतं? सौम्य उतारावर न घाबरता उतरणं, हवं तिथे थांबणं आणि दोन्ही बाजूंना वळणं. चौदा दिवसांत वरचा उतार, चेअरलिफ्टचा सराव आणि स्की समांतर ठेवून वळण्याची सुरुवात. जमत असेल तर चौदा दिवसांचाच घ्या. कारण साधं आहे. पहिले तीन दिवस शरीर गोंधळलेलं असतं, चौथ्या-पाचव्या दिवशी कुठे सूर लागतो आणि सात दिवसांच्या कोर्समध्ये तोवर सामान बांधायची वेळ येते.

शुल्कात साधारणपणे राहणं, जेवण, साहित्य आणि प्रशिक्षण येतं. तरीही पैसे भरताना हे प्रश्न विचारून उत्तरं लेखी घ्या: चेअरलिफ्टचे पैसे त्यात आहेत का? स्कीबरोबर हेल्मेट मिळतं का? खोली स्वतंत्र की डॉर्मिटरी? एका प्रशिक्षकामागे किती विद्यार्थी? बर्फ नसेल तर काय?

खासगी प्रशिक्षकही आहेत आणि त्यात फार चांगले लोक आहेत. औली-जोशीमठची मुलं लहानपणापासून स्कीवर वाढलेली असतात. त्यांच्याकडे शिकायचं तर दिवसावर ठरवा, तासावर नको, आणि साहित्याचं भाडं वेगळं की एकत्र हे आधीच मिटवा. रस्त्यात गाडी थांबवून "स्की करवाएंगे" म्हणणाऱ्याकडे शिकवणीचे पैसे देऊ नका. ती बहुतेक वेळा फोटोपुरती फेरी असते.

औलीत १९७३ पासून भारत-तिबेट सीमा पोलिसांची गिर्यारोहण आणि स्कीइंग संस्थाही आहे. ती दलाच्या प्रशिक्षणासाठी आहे. तिथे जाऊन प्रवेश मागू नका, पण सकाळी त्यांचे जवान उतरताना दिसले तर उभं राहून बघा. गुडघे कसे वाकलेले असतात आणि खांदे कसे स्थिर राहतात, एवढं पाहिलं तरी धडा मिळतो.

३. कागदपत्रं

- आधार किंवा दुसरं फोटो ओळखपत्र, मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स
- पासपोर्ट आकाराचे चार फोटो
- डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, सही-शिक्का आणि नोंदणी क्रमांकासह. महिन्याभरातलं असावं
- १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांचं संमतिपत्र
- कोर्सची आणि खोलीची पावती, छापील
- विमा पॉलिसीची प्रत

विम्याबद्दल दोन शब्द. नेहमीच्या प्रवास विम्यातून आणि काही अपघात विम्यांतून साहसी खेळ वगळलेले असतात. पॉलिसीच्या "काय समाविष्ट नाही" या पानावर स्कीइंग किंवा हिवाळी खेळ असा शब्द शोधा. सापडला तर तो खेळ सामावून घेणारी जोड पॉलिसी घ्या.

नावाचाही एक घोळ आहे. २०२४ मध्ये जोशीमठचं अधिकृत नाव ज्योतिर्मठ झालं. काही पावत्यांवर, पाट्यांवर आणि नकाशांवर एक नाव, काहींवर दुसरं. गाव एकच आहे.

४. शरीर: दीड महिना आधीपासून

औलीचा उतार साधारण २,५०० ते ३,०५० मीटर उंचीवर आहे. तिथे स्कीचे जड बूट घालून, स्की खांद्यावर टाकून, दिवसातून वीस-पंचवीस वेळा छोटा चढ चढायचा असतो. नवशिक्यांना पहिल्या दिवसांत लिफ्ट नसते. जेवढं घसरता, तेवढं पायी चढता.

मांड्या आणि पोटऱ्या तयार करा. रोज बैठका, तीन टप्प्यांत मिळून साठपर्यंत न्या. भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखं बसा, सुरुवातीला तीस सेकंद, महिन्याभरात दोन मिनिटं. आठवड्यातून एकदा सिंहगड, पर्वती किंवा घराजवळची कुठलीही टेकडी न थांबता चढा. घोट्यांसाठी एका पायावर उभं राहून दात घासा, हे हसण्यावारी नेऊ नका. तोल सांभाळणारे छोटे स्नायू याच कामाने जागे होतात.

गुडघ्याची जुनी दुखापत, रक्तदाब, दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना "तीन हजार मीटर उंची आणि स्की" असं स्पष्ट सांगून सल्ला घ्या. नुसतं "ट्रेकला जातोय" म्हणू नका.

५. सामान

सुती कपडे इथला सगळ्यात मोठा शत्रू. सुती बनियन घामाने भिजतो, वाळत नाही आणि थांबलात की अंगाशी गार पडतो. जीन्स तर दोन पडण्यांत ओली होते आणि दुपारपर्यंत पत्र्यासारखी कडक.

अंगाला लागून घाम बाहेर सोडणारा कृत्रिम धाग्याचा किंवा लोकरी थर, दोन जोड. त्यावर फ्लीस. त्यावर पाणी आणि वारा अडवणारं जॅकेट आणि पँट. जाड फुगीर जॅकेट संध्याकाळी खोलीत घाला. उतारावर त्यात उकडतं आणि हात हलत नाहीत.

- पाणी न शिरणारे हातमोजे, शक्य तर दोन जोड. लोकरीचे विणलेले मोजे चालत नाहीत, पहिल्याच पडण्यात भिजतात
- गुडघ्यापर्यंतचे पातळ किंवा मध्यम लोकरी पायमोजे, तीन जोड
- कान झाकणारी पातळ टोपी, हेल्मेटखाली बसेल अशी
- गळ्याभोवतीचा बफ, म्हणजे नळीसारखी कापडी पट्टी
- अतिनील किरण अडवणारा गॉगल, बाजूने बंद असलेला
- एसपीएफ ५० चं सनस्क्रीन आणि ओठांचं मलम
- थर्मास, टॉर्च, पॉवर बँक
- नेहमीची औषधं, लवचीक पट्टी, फोडांच्या पट्ट्या

गॉगल विसरू नका. बर्फावरून उलटून येणारा प्रकाश डोळ्यांच्या बाहुलीवरचा पडदा भाजून काढतो. ते दिवसा कळत नाही. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि पुढचे एक-दोन दिवस अंधाऱ्या खोलीत जातात. ढगाळ दिवशीही हे होतं. सनस्क्रीन हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या खालीही लावा, कारण ऊन खालूनही येतं.

बर्फाचे कपडे आणि गमबूट जोशीमठ आणि औलीत भाड्याने मिळतात. जॅकेट-पँट भाड्याने चालेल. हातमोजे, पायमोजे आणि गॉगल मात्र स्वतःचेच न्या.

खाऊ म्हणून चिक्की, खारीक, शेंगदाणे आणि गूळ खिशात मावेल असा. चॉकलेट थंडीत दगड होतं.

६. जायचं कसं

रेल्वेने हरिद्वार किंवा ऋषिकेश, विमानाने डेहराडूनचं जॉली ग्रँट. ऋषिकेश ते जोशीमठ सुमारे २५० किलोमीटर. आकडा बघून पुणे-कोल्हापूरसारखं पाच तासांत पोचू असं वाटतं, पण सगळा रस्ता गंगेच्या आणि अलकनंदेच्या काठाने, वळणावळणाचा. नऊ ते अकरा तास धरा. वाटेत देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग लागतात, मग चमोली, पिपलकोटी आणि जोशीमठ. पाचवा विष्णुप्रयाग जोशीमठच्या पुढे.

बसेस आणि शेअर जीप पहाटेच सुटतात. दुपारच्या गाडीने हरिद्वारला उतरून रात्रीपर्यंत जोशीमठ गाठण्याचा बेत आखू नका. आदल्या दिवशी हरिद्वार किंवा ऋषिकेशला मुक्काम करा आणि पहाटे निघा. अंधार पडायच्या आत पोचायचं, हा इथला नियमच समजा. हिवाळ्यात साडेपाचलाच अंधारतं. घाटात गाडी लागणाऱ्यांनी डाव्या-उजव्या खिडकीवरून भांडण्यापेक्षा पुढची जागा मागून घ्यावी.

आता रोपवे. जोशीमठहून औलीला जाणारा सुमारे चार किलोमीटरचा, दहा खांबांचा रोपवे प्रसिद्ध आहे आणि जुन्या प्रवासवर्णनांत त्याचं भरभरून कौतुक आहे. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचू लागली, शेकडो घरांना तडे गेले आणि तेव्हा हा रोपवे बंद करण्यात आला. त्याच्या भरवशावर बेत आखू नका. जोशीमठ ते औली रस्त्याने जायचं, सुमारे १५ किलोमीटर. मात्र "टॉवर नंबर आठ" आणि "टॉवर नंबर दहा" हे पत्ते लोकांच्या तोंडी कायम आहेत. लॉज कुठे आहे असं विचारलं की उत्तर याच आकड्यांत मिळतं. आठ म्हणजे चेअरलिफ्टच्या खालच्या टोकाचा भाग, दहा म्हणजे वरच्या.

या पंधरा किलोमीटरवर बर्फ पडल्यानंतर साधी गाडी चालत नाही. चाकांना साखळ्या लावलेल्या स्थानिक जीपच घ्या. विशेषतः सावलीतल्या वळणांवर रस्ता ओला दिसतो, पण तो काचेसारखा गोठलेला असतो. सपाट रस्त्यावर गाडी चालवण्याचा वीस वर्षांचा अनुभव इथे उपयोगी पडत नाही. स्वतःची गाडी आणली असेल तर ती जोशीमठलाच ठेवा.

पैसे खालीच काढा. वर मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सोय रेंजवर अवलंबून, आणि हिमवर्षावात वीज आणि रेंज दोन्ही जातात. चार-पाच दिवसांना पुरतील एवढी रोकड जवळ ठेवा.

७. पहिली रात्र

हरिद्वार समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटरवर. एका दिवसात तिथून थेट तीन हजार मीटरवर झोपलात तर डोकेदुखी, मळमळ आणि झोप न येणं असे त्रास होऊ शकतात. पहिली रात्र जोशीमठला काढा. ते सुमारे १,९०० मीटरवर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी वर जा, दुपारभर नुसते फिरा आणि पाणी पीत राहा. थंडीत तहान लागत नाही म्हणून लोक पाणी पीत नाहीत आणि डोकेदुखी बरेचदा त्यामुळेही असते. दारू पहिले दोन दिवस वर्ज्य.

डोकेदुखी विश्रांतीने आणि साध्या गोळीने न थांबता वाढत गेली, उलट्या सुरू झाल्या किंवा चालताना तोल जाऊ लागला तर सकाळची वाट बघू नका. जोशीमठला उतरा.

नळ गोठतात म्हणून अंघोळीचं पाणी बादलीने मिळेल. मोबाइल रात्री उशाशी, पांघरुणात ठेवा. थंडीत बॅटरी भराभर उतरते.

८. बूट, स्की आणि पोल निवडताना

साहित्य वाटपाच्या सकाळी झुंबड उडते आणि लोक मिळेल तो बूट घेऊन बाहेर पडतात. पुढच्या सात दिवसांचं सुख या अर्ध्या तासावर ठरतं. घाई करू नका.

बूट. एकच पायमोजा घाला, दोन घातले की रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गारठतात. पायजम्याची किंवा थर्मलची कड बुटाच्या आत जाऊ देऊ नका, तिचा वळ नडगीवर उठतो आणि तिसऱ्या दिवशी तिथली कातडी सोलते. पाय आत घालून टाच दोनदा जमिनीवर आपटा, म्हणजे ती मागे बसेल. मग बकलं खालून वर लावत या. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवून पुढे झुकल्यावर ती सुटली पाहिजेत. टाच वर उचलून बघा, उचलली गेली तर बूट मोठा आहे. नवशिके नेहमी मोठा बूट घेतात, कारण तो दुकानात सुखाचा वाटतो. उतारावर त्यात पाय फिरतो, स्की मात्र फिरत नाही.

स्की. उभी धरली तर टोक हनुवटी ते नाकाच्या दरम्यान यावं. लांब स्की वेग घेते, आखूड वळते. शिकताना आखूडच बरी. तळाला हात फिरवून खोल ओरखडे बघा आणि कडा गंजलेल्या नाहीत ना ते पाहा.

बाइंडिंग. बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडल्यावर सोडून देणारी ही कळ. तिच्यावर आकडे असतात आणि तो आकडा तुमचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य यावरून ठरतो. वजन खरं सांगा. आधीच्या माणसाचा आकडा तसाच राहिला असेल तर एक तर स्की उगाच निघत राहील किंवा पडल्यावर निघणारच नाही आणि गुडघा पिळला जाईल. "माझ्या वजनाप्रमाणे लावून द्या" असं म्हणा आणि लावून घेतल्याशिवाय हलू नका. "सारखी निघते" म्हणून स्वतः पेचकस घेऊन आवळणं तर अजिबात नको.

पोल, म्हणजे दोन्ही हातांतल्या काठ्या. उलटा धरून चकतीच्या खाली मूठ पकडा, कोपर काटकोनात आलं की उंची बरोबर.

हेल्मेट घ्याच. मिळत नसेल तर बाहेरून भाड्याने घ्या.

९. पहिले पाच दिवस

स्की चढवताना आधी बुटाच्या तळाचा बर्फ पोलने किंवा दुसऱ्या स्कीच्या बाइंडिंगवर घासून काढा. चिकटलेला बोटभर बर्फसुद्धा कळ लागू देत नाही. बुटाचं पुढचं टोक आधी आत, मग टाच जोरात दाबा. "खट्" असा आवाज आला पाहिजे. उतारावर असाल तर स्की उताराला आडव्या ठेवा आणि दरीकडची स्की आधी चढवा.

इथे एक शब्द पक्का करून घ्या, उताराची रेघ. तुम्ही उभे आहात तिथे तांब्याभर पाणी ओतलं तर ते ज्या वाटेने खाली जाईल, ती रेघ. स्की तिच्या दिशेने वळल्या की घसरणार, तिला आडव्या असल्या की थांबणार. स्कीतलं जवळजवळ सगळं या एका रेघेभोवती फिरतं.

पहिल्या दिवशी सपाटीवर एका स्कीवर चालणं, मग दोन्हीवर. उताराला आडवं राहून जिना चढल्यासारखं एक-एक पाऊल वर. मग टाचा जवळ आणि टोकं फाकवून, मागे माशाच्या काट्यासारखी खूण उमटवत चढणं. दुसऱ्या दिवशी सरळ घसरणं आणि स्नोप्लाऊ, म्हणजे नांगर.

नांगर असा: टोकं जवळ, त्यांच्यात वीतभरापेक्षा कमी अंतर. टाचा लांब फाकलेल्या. गुडघे किंचित आत, म्हणजे स्कीच्या आतल्या कडा बर्फ खरवडतील. जितक्या टाचा बाहेर ढकलाल तितका वेग कमी. टोकं एकमेकांवर चढली की पडलातच.

आणि आता सह्याद्रीत वाढलेल्यांची खास चूक. आपण गड उतरताना काय करतो? घसाऱ्यावर वजन मागे टाकतो, टाचा रोवतो, प्रसंगी बसतो. ती सवय अंगात मुरलेली असते आणि बर्फावर भीती वाटली की शरीर आपोआप तेच करतं. स्कीवर वजन मागे गेलं की पुढची टोकं हलकी होतात, कडा बर्फ धरत नाहीत, वळता येत नाही आणि वेग वाढतो. वेग वाढला की आपण अजून मागे बसतो. बहुतेक मराठी ट्रेकर तिसऱ्या दिवशी याच चक्रात अडकलेले असतात, दम आणि ताकद भरपूर असूनही.

उपाय एकच: नडगी बुटाच्या जिभेवर दाबलेली राहिली पाहिजे, सतत. ती दाबलेली जाणवत नसेल तर तुम्ही मागे गेलात. हात पुढे, ताट धरल्यासारखे. हात दिसेनासे झाले की वजनही मागे गेलेलं असतं. नजर स्कीच्या टोकांवर ठेवू नका, दहा-पंधरा मीटर पुढे ठेवा. तरीही जमत नसेल तर प्रशिक्षकाला सांगून पोल बाजूला ठेवा आणि दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून चार फेऱ्या मारा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी वळणं. नांगर धरूनच डाव्या पायावर वजन वाढवा, उजवीकडे वळाल. उजव्यावर वाढवा, डावीकडे. खांदे फिरवून वळायचा प्रयत्न करू नका. पाय वळवतात, खांदे दरीकडे बघतात.

पडणं शिकून घ्या. वेग आवरत नाहीये असं वाटलं तर बाजूला, चढाच्या अंगाला आडवे व्हा. हात मागे टेकू नका, मनगट जातं. पोलचा पट्टा अंगठ्याभोवती गुंतवू नका. पडताना पोल अंगठा मागे खेचतो आणि त्याच्या मुळाशी असलेला बंध फाटतो. पडल्यावर घसरत असताना उठायची धडपड नको, गुडघ्याच्या गंभीर दुखापती त्यातही होतात. थांबा. स्की दरीच्या बाजूला आणि रेघेला आडव्या आणा, मग पोलचा आधार घेऊन उठा. नाही जमलं तर एक स्की काढा. त्यात कमीपणा नाही.

बर्फाची वेळही ओळखा. सकाळी लवकर वरचा थर कडक आणि निसरडा, कडा लागत नाहीत. दहा ते एक हा शिकायचा उत्तम काळ. दुपारनंतर बर्फ जड होतो, स्की रुतते आणि पाय थकलेले असतात. जास्तीत जास्त पाय याच वेळी मुरगळतात. "शेवटची एक फेरी" टाळा.

संध्याकाळी बुटांचं अस्तर काढून शेगडीपासून हातभर लांब वाळत ठेवा. शेगडीला चिकटवून ठेवलं तर त्याचा आकार जातो.

१०. चेअरलिफ्ट आणि उतारावरचे नियम

साधारण आठशे मीटरची चेअरलिफ्ट वरच्या उतारावर नेते. नांगराने हमखास थांबता येईपर्यंत तिच्यावर स्की घेऊन जाऊ नका, कारण वरून खाली येण्याचा सोपा रस्ता नाही. पोल एका हातात, पट्टे सुटे. पाठीवरची सॅक पुढे घ्या, तिचे बंद अडकतात. उतरताना स्कीची टोकं वर, उभे राहा, सरळ घसरत जा आणि लगेच बाजूला व्हा. जोराचा वारा असेल तर लिफ्ट बंद ठेवतात.

तुमच्या खाली असलेल्या माणसाचा हक्क पहिला, चुकवण्याची जबाबदारी वरच्याची. थांबायचं तर कडेला थांबा, चढापलीकडे दिसणार नाही अशा जागी नको. औलीत आणखी एक अडचण म्हणजे उतारावर पायी फिरणारे पर्यटक आणि त्यांच्या गमबुटांची भोकं. रात्री ती गोठतात आणि सकाळी त्यात स्कीचं टोक अडकतं. पहिली फेरी सावकाश मारून कुठे भोकं आहेत ते बघून ठेवा. तुम्ही स्वतः चढतानाही मधून नको, कडेने चढा.

दुखापत झाली तर आधी जोशीमठचं सरकारी रुग्णालय. हाड मोडलं असेल तर पुढे गोपेश्वर, गढवालमधलं श्रीनगर किंवा ऋषिकेशच्या एम्सपर्यंत जावं लागू शकतं. गुडघ्यात "टक्" आवाज येऊन तासाभरात सूज आली तर त्या दिवसापासून स्की बंद. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी बंदच.

११. बर्फ नसताना

एप्रिलच्या शेवटापर्यंत उरलासुरला बर्फही सरतो आणि स्पर्धेचा उतार हिरवागार गवताचा होतो. मे-जून आणि सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबर हे जाण्याचे महिने. पावसाळ्यात दरडी कोसळून बद्रीनाथचा महामार्ग दिवसदिवस बंद राहतो. मे-जूनमध्ये त्याच रस्त्यावर चारधामची गर्दी असते, तेव्हा प्रवासाला दोन तास जास्त धरा.

चेअरलिफ्टने वर जाऊन बर्फासाठी बांधलेलं तळं बघता येतं. तिथून बांज (ओक) आणि देवदारांच्या रानातून तीनेक किलोमीटर चाललात की गोरसों बुग्याल, म्हणजे झाडांच्या वरची विस्तीर्ण कुरणं. आकाश स्वच्छ असेल तर ७,८१६ मीटरचं नंदादेवी शिखर समोर, शिवाय द्रोणागिरी, हाथी पर्वत, कामेट. ढग दहानंतर चढतात, म्हणून सातला निघा. मुलांना आणि साठीच्या लोकांनाही हे जमतं, अट एवढीच की आदली रात्र वर काढलेली असावी.

त्यापुढे क्वारी खिंडीचा चार-पाच दिवसांचा ट्रेक आहे. त्यासाठी जोशीमठला वन खात्याची परवानगी घ्यावी लागते. ओळखपत्राची झेरॉक्स आणि फोटो तिथेही लागतात, म्हणून चार फोटो लिहिलेत. तंबूबाबत सावध राहा. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली. "कुरणात तंबूत झोपवतो" असं सांगणाऱ्या आयोजकाला मुक्कामाची जागा नेमकी कुठे आणि परवानगीचा कागद कुठे, हे आगाऊ रक्कम देण्याआधी विचारा. कुरणातलं गवत बर्फाखालून बाहेर येऊन पुन्हा बर्फाखाली जाईपर्यंत जेमतेम सहा महिने वाढतं. एका तंबूने पिवळा पडलेला चौकोन पुढच्या वर्षीही दिसतो.

वर कचरा उचलणारी यंत्रणा तोकडी आहे. २०१९ च्या जूनमध्ये इथे झालेल्या एका बड्या लग्नानंतर कचऱ्याचे ढीग उरले आणि प्रकरण न्यायालयात गेलं. वेफर्सची पाकिटं, ओले टिश्यू आणि प्लास्टिकच्या बाटल्या सॅकच्या एका कप्प्यात भरा आणि जोशीमठला नव्हे, ऋषिकेशला उतरल्यावर टाका.